बारावी बाटली

आमच्या काळाचौकीच्या घरातून कुणी गावाला निघालं की सामान भरायचं काम माझ्याकडे येतं आणि मग घरात भांडणं होतात. तेलाची बाटली आडवी कुणी ठेवली, बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिक का लावलं नाही, सेंटची बाटली साड्यांत कुणी कोंबली, यावर मी बडबडत राहते. आई कंटाळून म्हणते, "अगं, आम्ही कणकवलीला चाललोय, चंद्रावर नाही." मी तरीही पिशवी पुन्हा सोडते आणि पुन्हा भरते. पंचवीस वर्षांची सवय आहे, ती आता जायची नाही.

कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामाच्या तळमजल्यावर आमचं काम चालतं. पूर्वी तिथे कापसाचे गठ्ठे असायचे. आता आम्ही विमानाने जाणारा धोकादायक माल तिथे नियमाप्रमाणे बांधतो. धोकादायक म्हटलं की ऐकणाऱ्याला बॉम्ब आठवतो. माझ्या मावशीने तर बरीच वर्षं माझं लग्न याच कारणाने जमत नाही असं सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात आमच्याकडे येतात ते रंग, पॉलिश, अत्तरं, बॅटऱ्या, दवाखान्याच्या तपासणीच्या बाटल्या. घरात कपाटावर निमूट बसणाऱ्या वस्तू. पण विमान वर गेलं की हवेचा दाब उतरतो आणि बाटलीच्या आतलं बाहेर यायला बघतं. पेट घेणारा द्रव असा बाहेर आला आणि त्याच्या डोक्यावर दोनशे माणसं चहा पीत बसलेली असली, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून नियम. बाटली काठोकाठ भरायची नाही, वर थोडी जागा सोडायची. झाकण ठरलेल्या जोराने लावायचं. त्यासाठी एक खास पाना असतो, जोर पुरेसा झाला की तो कट् असा वाजतो. मग झाकण सैल होऊ नये म्हणून त्यावर टेप. मग बाटली पिशवीत, पिशवीभोवती सांडलेलं शोषून घेणारा भुसा, आणि हे सगळं अशा खोक्यात, जे आधी कुणीतरी उंचावरून आपटून, त्यावर वजनं ठेवून तपासलेलं असतं आणि तसा शिक्का त्याच्यावर छापलेला असतो. दोन बाजूंना वरची दिशा दाखवणारे बाण, ज्वाळेचं चित्र असलेलं लाल लेबल. शेवटी लाल तिरक्या पट्ट्यांच्या काठाचा एक कागद. त्यावर लिहिलेलं असतं की हा माल नियमाप्रमाणे बांधलेला आहे, आणि खाली सही असते. आमच्याकडे ती सही मी करते.

या सहीचा मला फार अभिमान होता. सरळ सांगायचं तर मला त्याचा माज होता. दर दोन वर्षांनी आम्हाला वर्गात बसून पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि मी दर वेळी पहिल्या बाकावर बसून शिकवणाऱ्याच्या चुका काढते. गोदामात कुणी टेप दोन बोटं कमी लावली तरी माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. नाकावर राग म्हणतात तो माझ्याकडे चष्म्याच्या जोडीनेच आहे.

माझ्या या आवाजाचा सगळ्यांत जास्त त्रास झाला तो काकांना. काका आमचे पॅकर. वय साठीच्या पुढे, मूळ मालवणकडचे, राहायला लालबागच्या चाळीत. तरुणपणी गिरणीत कापडाचे गठ्ठे बांधायचे. गिरणी गेली तशी इथे आले, आणि खोक्याची घडी, दोरीची गाठ, टेपची सरळ रेघ यांत त्यांचा हात धरणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही. नियम मात्र त्यांना माझ्या तोंडूनच कळतात आणि त्यांतले निम्मे पटत नाहीत. मला ते 'बाय' म्हणतात. मी ऑफिसात सगळ्यांवर ओरडते, काकांवरही ओरडते, पण त्यांच्याशी बोलताना 'अहो काका' म्हणून ओरडते, एवढाच फरक.

आमचं जुनं भांडण खंडेनवमीचं. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमची हत्यारं म्हणजे वजनकाटा, टेपच्या मशिनी, कटर आणि तो वाजणारा पाना. पाटावर लाल कापड घालून सगळं मांडायचं, झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि उंबऱ्याशी नारळ. हे सगळं काका करतात. एका वर्षी त्यांनी वजनकाट्याबरोबर निघायला तयार असलेल्या खोक्यालाही हळदकुंकवाची बोटं लावली. मी ते खोकं जागच्या जागी रद्द केलं आणि सगळा माल पुन्हा बांधायला लावला.

"बाय, ह्या कुंकवान इमान पडता काय?" काकांनी विचारलं होतं.

"विमान पडत नाही काका. पण खोक्यावर पातळ काही सांडल्याची शंका आली, लेबलावर डाग दिसला, तरी विमानतळावरची माणसं खोकं परत पाठवतात. खोकं कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. कुंकू नको म्हणजे नको."

"बरा," ते म्हणाले. काकांचं 'बरा' म्हणजे पटलेलं नाही, पण वाद संपला. त्यानंतर त्यांनी कधी खोक्याला कुंकू लावलं नाही, आणि मी जिंकले असं मला वाटत राहिलं.

मी सांगतेय ती गोष्ट एकदोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची. त्या सकाळी एकच माल होता. वाद्यांना लावायचं लाखेचं पॉलिश, पाव-पाव लिटरच्या बारा बाटल्या. इथला एक कारागीर परदेशातल्या एका वाद्य बनवणाऱ्याला पाठवत होता. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणजे पटकन पेट घेणारी. माल थोडा असल्यामुळे प्रवासी विमानातून जायचा होता. दुपारी टेम्पो येऊन विमानतळाच्या कार्गोत नेणार आणि दुसऱ्या दिवशी विमान.

झाकणं मी स्वतः लावायला बसले. एक बाटली धरायची, पाना फिरवायचा, कट् ऐकायचं, बाटली डावीकडे काकांच्या बाजूला सरकवायची. काका तिच्यावर टेप लावत होते. बाजूला पूजेचा पाट मांडून तयार होता आणि मालक गावाला जायच्या घाईत होते, त्यामुळे "चला, आटपा" असा त्यांचा धोशा चाललेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई दादरच्या फुलबाजारातून बोलत होती. मागे एवढा कालवा होता की तिला माझं ऐकू येत नव्हतं आणि मला तिचं.

"आंब्याची पानं घरात आहेत की आणू?"

"आहेत."

"काय?"

"आहेत गं! बादलीत ठेवलीत!"

"मग आपटा आणू?"

आपट्याचं काय ठरलं ते आता आठवत नाही. बोलत बोलत मी दारापर्यंत गेले होते. परत आले तेव्हा माझ्या उजवीकडे एकही बाटली उरलेली नव्हती. बाराच्या बारा डावीकडे होत्या आणि काका शेवटच्या बाटलीवर टेप फिरवत होते. मी खुर्चीवर बसले, पाना हातात घेतला आणि क्षणभर थांबले. शेवटचा कट् मी ऐकला होता का? अकरा आठवत होते. बाराव्या बाटलीवर पाना ठेवल्याचं आठवत होतं. पण वाजल्याचं आठवत नव्हतं.

टेप कापून पाना पुन्हा लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. मग का नाही बघितलं? लाजेपोटी. टेप लावलेली बाटली पुन्हा उघडायची म्हणजे काकांसमोर, मालकांसमोर कबूल करायचं की मी, जी सगळ्यांवर ओरडते ती मी, फोनवर आंब्याच्या पानांचं बोलताना मोजणी विसरले. मी स्वतःलाच म्हटलं, सवयीच्या हाताने लावलंच असेल. पाना पाटावर ठेवला. काकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मी पुढच्या टेबलावर कागद लिहायला बसले. बाटल्या खोक्यात गेल्या, खोकं बंद झालं, लेबलं लागली, खोकं टेम्पोसाठी दाराशी आलं. मागे आरती सुरू झाली, नारळ फुटल्याचा आवाज आला. मी सही केली आणि मग प्रसादाला उठले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी दाराला तोरण बांधत होते. आई खाली उभी राहून "डावीकडे घे, अजून डावीकडे" असं सांगत होती. आणि फोन वाजला. कार्गोतून होता. तिथे माल घेण्यापूर्वी प्रत्येक खोकं तपासणारी एक बाई आहे, तिशीतली, आवाज शांत. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या पॉलिशच्या खोक्याला खालच्या कोपऱ्यात ओलसर डाग आहे. पिवळट. मी खोकं बाजूला काढून ट्रेमध्ये ठेवलंय. सिनियरना कळवण्याआधी तुम्ही एकदा येता का?"

मी स्टुलावरून कधी उतरले ते मला कळलं नाही. आई सांगते, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या मनात दुसरं काहीच आलं नाही, फक्त ती बारावी बाटली. मी न बघता सही केली होती आणि आता ती गळत होती.

नोकरीचा विचार नंतर आला. आधी आलं ते विमान. डाग खोक्याच्या आतल्या आत राहिला असता, किंवा विमान वर गेल्यावर पडला असता, तर तपासणाऱ्या बाईला दिसला नसता. खोकं पोटात घेऊन विमान उडालं असतं. त्यात मुलं असतील, माझ्या आईसारख्या पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बाया असतील. चप्पल घालताना मला पट्ट्यात बोट जाईना.

मालक गावी पोचले होते. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, काकांना घेऊन जा, खोकं परत आणायचं झालं तर हात लागेल. लालबागच्या नाक्यावर काका उभे होते. दसऱ्याचा धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. आमच्या टॅक्सीच्या बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या अशा नटून चाललेल्या. मी एकटीच त्या सगळ्यांत रडायच्या बेतात.

"काय झाला, बाय?" काकांनी विचारलं.

"खोक्याला डाग आहे. खालच्या कोपऱ्यात. गळतंय."

काकांनी मान वळवली. मला वाटलं, माझ्यासारखेच घाबरलेत. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मी बाटलीचं सांगावं की नाही याचा हिशोब करत राहिले. सांगायचं ठरवलं की पुढचा सिग्नल येऊ दे, असं म्हणायचे. असं करता करता टॅक्सी माहीम ओलांडून गेली.

कार्गोत त्या बाईने आम्हाला आत नेलं. भिंतीजवळ एका लोखंडी ट्रेमध्ये आमचं खोकं एकटंच ठेवलेलं होतं, माणसांनी जवळ जाऊ नये म्हणून आजूबाजूला पट्टी लावलेली. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग. कडेला पिवळट रेघ. लाखेचं पॉलिश सांडल्यावर असंच दिसतं. तिच्या हातात तपासणीची यादी होती. त्या यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही लिहायचं असतं आणि एकाही प्रश्नापुढे नाही आलं की माल परत.

"गळतीचं कळवलं तर पुढे चौकशी होते, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात कडक नव्हता, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

मी मान हलवली. सांगून टाकायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काका पट्टीखालून आत गेले आणि गुडघ्यावर बसून खोक्याकडे नाक घेऊन वाकले. अनोळखी डागाला नाक लावायचं नाही, हा आमच्या परीक्षेचा पहिला धडा आहे. कारण तुम्ही काय हुंगताय ते तुम्हाला माहीत नसतं. मी आणि ती बाई एकदमच किंचाळलो.

"काका!"

काका मागे झाले, पण उठले नाहीत. खोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अगो, मुंग्यो बघ."

त्या बाईने मोबाईलचा उजेड पाडला. डागाच्या कडेने बारीक लाल मुंग्यांची रांग लागली होती. एक रांग चढत होती, दुसरी उतरत होती. दसऱ्याच्या दिवशी त्यांनाही कुठेतरी गोडधोड मिळालं होतं.

स्पिरिट असलेल्या पॉलिशवर मुंगी कशी येईल? मी आणि ती बाई एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"काका, काय केलंत?"

"काय करतलंय? नारळाचा पाणी ता." ते हळूच म्हणाले. "तो खोको इतक्या लांब जातलो, दर्यापार. म्हणान पूजेचा थोडा उडवलंय. उरलेला उंबऱ्यार ओतलंय, ता खोक्याखाली गेला आसात." मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, "तू कुंकू नको म्हणालस ना? पाण्याक रंग खंय आसता?"

माझा जीव भांड्यात पडला तो इतक्या जोरात की मी त्या लोखंडी शेडमध्ये मोठ्याने हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ती बाईही हसली, पण हसतानाच तिने यादीत 'नाही' लिहिलं. "नारळाचं पाणी असलं तरी खोकं ओलंच आहे, मॅडम. मी घेऊ नाही शकत. परत न्या, नव्या खोक्यात बांधून आणा. गळतीचं मात्र आता मी काही लिहीत नाही." मी तिच्या जागी असते तर अगदी हेच केलं असतं. मला तिचा हात हातात घ्यावासा वाटला, आणि मी घेतलाही.

परत येताना मी सबंध वाट काकांवर तोंड सोडलं. पंचवीस वर्षांत त्यांना एक नियम कळला नाही, देवाला नैवेद्य दाखवायचा तर गोदामात दाखवा, खोकं म्हणजे काय नवी मोटार आहे का त्यावर नारळ शिंपडायला, यांच्या भक्तीपायी माझी सही धुळीला मिळाली असती. रागापेक्षा मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि ते बोलण्यातून बाहेर पडत होतं. काका बिचारे "व्हय, व्हय" म्हणत खोकं मांडीवर धरून बसले होते. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघून हसत होता. चुनाभट्टी गेल्यावर मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यावरच्या बाईकडून पेढ्यांचा पुडा घेतला, सकाळपासून पोटात काही नव्हतं. अर्धे पेढे मी खाल्ले, अर्धे काकांना दिले, आणि पुन्हा ओरडायला सुरुवात केली.

गोदाम उघडलं. आत कालचे झेंडू सुकले होते आणि पाना अजून पाटावरच होता, कुंकू लागलेला. सुटीचा दिवस असला तरी माल दुसऱ्या दिवशीच्या विमानाला जाऊ शकत होता, म्हणून आम्ही लगेच कामाला बसलो. खोकं उघडलं. पिशव्या कोरड्या होत्या. भुसा कोरडा होता. एकही थेंब कुठे सांडलेला नव्हता. आता नवीन खोक्यात सगळं तसंच भरायचं, एवढंच काम. टेपसुद्धा काढायची गरज नव्हती.

मला काय वाटलं कोण जाणे, मी कटर घेतलं आणि पहिल्या बाटलीची टेप कापली. काकांनी भुवया वर केल्या. पाना लावला. लगेच वाजला, कट्. दुसरी, कट्. तिसरी. मी एकेक बाटली लावत गेले आणि प्रत्येक वेळी पाना लगेच वाजत होता, झाकण एक केसभरही हलत नव्हतं. अकरावी झाली. मला हसू येऊ लागलं. उगाच घाबरले, सवयीच्या हाताने लावलंच होतं.

बाराव्या बाटलीवर पाना ठेवला आणि झाकण फिरलं. अर्धा फेरा. मग अजून थोडं. आणि मग वाजला.

रस्त्यावरच्या मंडपात गाणं चालू होतं. काका माझ्याकडे बघत नव्हते, ते त्या बाटलीकडे बघत होते. मी पाना खाली ठेवला.

पिशवी होती, भुसा होता, वरून टेप होती. त्या झाकणातून काही आलं असतं तरी त्यांनी अडवलं असतं, बहुधा. त्यासाठीच एकावर एक नियम असतात. हे मी वर्गात दहा वेळा उत्तर म्हणून लिहिलंय. पण त्या क्षणी 'बहुधा' या शब्दावर मला उभं राहता येईना. काकांनी नारळाचं पाणी उडवलं नसतं, तर ते खोकं स्वच्छ आणि कोरडं, माझ्या सहीनिशी, त्या दिवशी उडालं असतं. कुणालाही काही दिसलं नसतं. मी घरी बसून श्रीखंड खाल्लं असतं.

"फोनमुळे झालं," मी म्हणाले. "काल मी आईशी बोलत होते. मला शंका आली होती, काका. मी बघितलं नाही. तुमच्यासमोर टेप कापायची लाज वाटली."

काकांनी ती बाटली उचलून बाकीच्या अकरांच्या रांगेत ठेवली.

"आणि गाडीत मी तुम्हाला जे जे बोलले..."

"ता माका सांगा नको," काका म्हणाले. "ता नारळाक सांग."

आणि ते हसले. पुढचे दोन दात पडलेलं ते हसू बघून मला एकदम रडू फुटलं. आधीचं कार्गोतलं रडणं हसण्याचं होतं. हे खरं होतं. काकांनी मला रडू दिलं आणि तोवर नवीन खोक्याची घडी घातली.

मालकांना मी तिथूनच फोन केला आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, नारळाची आणि बाटलीची. नारळाचं सांगणं सोपं होतं. बाटलीचं सांगताना माझा आवाज चिरकला. मला वाटलं, आता संपलं, सहीचा अधिकार जाणार. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं." मग म्हणाले, "सही तुम्हीच करा." एवढंच. मी फोन ठेवला आणि नव्या कागदावर सही केली. या वेळी पेन कागदावर टेकवण्याआधी बाराही बाटल्या पुन्हा एकदा बघितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कार्गोतून फोन आला. तोच शांत आवाज. "मॅडम, सगळे हो आहेत." पुढे म्हणाली, "आणि मुंग्या नाहीत." मी आभार मानून फोन ठेवला आणि गोदामाच्या पायरीवर जाऊन बसले. गोदीकडच्या बाजूने वारा येत होता. विमान माझ्या डोक्यावरून गेलं की नाही ते माहीत नाही, त्याची वाट तिकडून नसतेच, पण मी बराच वेळ वर बघत बसले होते. इतकं हलकं मला दहावीच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. झाकणं लावायची असली की माझा फोन काकांच्या डब्याच्या पिशवीत जातो. आई चिडते, "मेली माणसं तरी तुला कळायचं नाही," म्हणते. पाना वाजला की मी त्याच क्षणी पेनाने झाकणावरून बाटलीच्या मानेपर्यंत एक काळी रेघ ओढते. रेघ नाही म्हणजे झाकण लावलेलं नाही, मग आठवण्याचा प्रश्नच नाही. आणि माझी सही होईपर्यंत खोकं उघडंच राहतं. नारळ आता रस्त्याच्या बाजूला फोडतो, माल गोदामात यायच्या आधी. गेल्या परीक्षेच्या वर्गात शिकवणाऱ्याने विचारलं की कुणाच्या हातून कधी चूक झालीय का. पहिल्या बाकावरून मी हात वर केला आणि बाराव्या बाटलीचं सगळं सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही. नारळापाशी मात्र सगळे हसले.

काका अजून येतात, गुडघे कुरकुरत असले तरी. आणि माझी सही करायची वेळ झाली की ते दर वेळी एकच प्रश्न विचारतात. बाटल्या चार असोत, वीस असोत, कधी तर नुसत्या बॅटऱ्या असतात आणि बाटली एकही नसते. मी पेनाचं टोपण काढते आणि पाठीमागून आवाज येतो, "बाय, बारावी?"

मी चिडते. "अहो काका, चारच आहेत," म्हणते. पण पेन खाली ठेवते, उठते आणि शेवटच्या बाटलीचं झाकण पुन्हा हाताने बघून येते. ते हललं नाही की मग बसून सही करते.